एका मुळाचे दोन केस होतात का?

टक्कल पडलं तरी डोक्याच्या मागच्या बाजूचे केस बहुधा टिकतात. केशरोपणात तेच काढून पुढे लावतात. अडचण एवढीच की सबंध काढलेलं मूळ त्या जागी पुन्हा येत नाही. साठा ठरलेला असतो, म्हणून ‘एका मुळाची दोन करून देतो’ हे आश्वासन ऐकणाऱ्याला इतकं गोड लागतं.

बटाट्याचे डोळे कापून लावावेत तसे मुळाचे तुकडे लावले की प्रत्येकाला केस फुटतो, असा समज आहे. त्यामागची कल्पना खोटी नाही. 1966 मध्ये संशोधक रॉय ऑलिव्हर यांनी उंदरांच्या मिशांची मुळं खालून कापली. तळाचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग गेला, तरी केस परत आला. 1995 मध्ये कोरियातल्या किम आणि चोई यांनी माणसाची मुळं आडवी कापून लावली, तेव्हा पुरेशा लांबीच्या वरच्या आणि खालच्याही तुकड्यांतून केस उगवले. पण मूळ असतं जेमतेम चार-पाच मिलिमीटर. तळाशी केसाला वाढ देणारा पॅपिला, आणि त्याच्या बऱ्याच वर, बारीक स्नायू चिकटतो तिथल्या फुगवट्यात मूलपेशी. सुरी थोडी इकडेतिकडे गेली की तुकडा वाया. शंभर मुळांचे दोनशे तुकडे केले आणि निम्मेच तगले, तर हाती शंभरच केस येतात, त्यातले कित्येक पूर्वीपेक्षा बारीक. काही वेळा शंभरही नाहीत. म्हणूनच ही पद्धत रोजच्या शस्त्रक्रियेत रुजली नाही.

दुसरी गफलत मोजणीची, आणि मला ती जास्त खटकते, कारण तिच्यात पेशंटचे पैसे जातात. एका ग्राफ्टमध्ये, म्हणजे एकत्र काढून लावल्या जाणाऱ्या मुळांच्या जुडग्यात, एक ते चार केस असतात. तीन केसांचा ग्राफ्ट फोडला की ग्राफ्ट तीन होतात, केस तेवढेच राहतात. कपाळाजवळची रेघ नैसर्गिक दिसावी म्हणून एकेक केस लावणं योग्यच आहे. पण बिल ग्राफ्टवर लागणार असेल, तर एकूण केस किती लावणार, हे आधीच लिहून मागा.

केसांचं ‘क्लोनिंग’ म्हणतात ती आणखी वेगळी गोष्ट. त्यात मूळ कापत नाहीत, पॅपिलाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. 2013 मध्ये हिगिन्स, ख्रिस्तियानो आणि जहोदा यांनी अशा पेशींचे गोळे करून, उंदरांवर रोपलेल्या माणसाच्या त्वचेत केस उगवून दाखवले. तो प्रयोगच होता. दवाखान्यात पैसे भरून मिळावा असा सिद्ध उपचार त्यातून अजून तयार झालेला नाही.

आणि सुरी कोणाच्या हातात आहे, तेही विचारा. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणं हे केशरोपणाचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच बजावलं आहे.