डायल टोन वाजवतो कोण?

रिसीव्हर उचलला, डायल टोन आला, की ऑफिस निर्धास्त. तांब्याच्या लाइनवर हा विश्वास रास्त होता. रिसीव्हर उचलताच सर्किट पुरे व्हायचे आणि टोन थेट एक्स्चेंजमधून यायचा. वीजही तिथल्याच 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांची. इंटरनेटवर चालणाऱ्या फोनमध्ये तो टोन यंत्र स्वतःच वाजवते. पलीकडे सगळे ठीक असल्याची ती खूण उरलेली नाही. एक्स्चेंजची निम्मी कामे आता ऑफिसच्या कपाटात, राउटर आणि स्विचमध्ये आली आहेत, आणि ती कोणाच्याच अंगावर नाहीत. ‘आवाज तुटतोय’ या तक्रारीचे मूळ मला बहुतेक वेळा इथे दिसते, इंटरनेटच्या वेगात नाही.

वेगाचा हिशोब करून पाहा. जी.711 या रूढ पद्धतीत आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जातो, त्याचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि दर सेकंदाला 50 पाकिटे निघतात. प्रत्येक पाकिटात आवाज 160 बाइट आणि वर पत्त्याचे 40. (पाचवा हिस्सा नुसत्या लिफाफ्याचा!) म्हणजे एका संभाषणाला एका दिशेने साधारण 80 ते 90 किलोबिट, दहा जण एकदम बोलले तरी एक मेगाबिट भरत नाही. 100 मेगाबिटचा प्लॅन असताना आवाज तुटतो, कारण त्याला जागा थोडी पण वेळेवर लागते. हिशेबनीसाने जाडजूड फाइल चढवायला घेतली की राउटरच्या तोंडाशी रांग लागते आणि आवाजाचे पाकीट घाटात ट्रकमागे अडकलेल्या एसटीसारखे खोळंबते. फाइल उशिरा पोचली तरी पूर्ण पोचते. उशिरा आलेला शब्द फोन टाकून देतो, कारण पुढचा शब्द वाजून गेलेला असतो. फोन थोडी पाकिटे साठवून मगच वाजवतो खरा, पण साठा वाढवला की उत्तर उशिरा येते. एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. तो बराच वाढला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघे एकदम गप्प होतात.

मोठा प्लॅन घेतल्यावर त्रास गेला, असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. रांग लागण्याचे प्रसंग कमी होतात. मात्र क्लाउडवरचा बॅकअप मिळेल तेवढी जागा खातो, त्यामुळे दुखणे पुन्हा येते. राउटरवर आवाजाला अग्रक्रम देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि फुकट आहे. अर्थात साध्या ब्रॉडबँडवर हा अग्रक्रम ऑफिसच्या उंबऱ्यापर्यंतच चालतो. पण रांगही बहुधा तिथेच लागते. ‘मोबाइल आहेत की सगळ्यांकडे,’ हा दुसरा आक्षेप. आहेत, पण विक्रीचा माणूस नोकरी सोडून गेला की गिऱ्हाईक त्याच्याच नंबरावर फोन करत राहते.

एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची वीजही आता फोनला नाही. यावर कोणी म्हणेल, जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातला छोटा एक्स्चेंज) हाही वीज गेल्यावर बंदच पडायचा. पडायचा, पण त्यातल्या बऱ्याच बोर्डांत वीज जाताच बाहेरची एक लाइन आपोआप थेट एका एक्स्टेन्शनला जोडली जाई आणि निदान एक फोन चालू राहत असे. नव्या व्यवस्थेत फोनला वीज नेटवर्कच्या वायरीतूनच, स्विचकडून मिळते. यूपीएस मात्र संगणकांखाली असतो. दिवे जातात, पडदे उजळलेले राहतात आणि कपाटातल्या स्विचबरोबर सगळे फोन एकदम मुके होतात.