नव्या घरच्या बागेतील चाफा : अपरिचित वनस्पतींच्या ओळखीविषयी

नव्या घरी राहावयास गेल्यावर आवारातील झाडांची नावे शेजारी सांगतात. ती बहुधा खोटी नसतात, परंतु पुरेशीही नसतात. ‘हा चाफा’ एवढ्याने काय कळते? सोनचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा, नागचाफा आणि भुईचाफा या पाच वनस्पती पाच निरनिराळ्या कुलांतील आहेत. लोकभाषेने फुलाचा सुगंध पाहून त्यांस एका नावात गोवले. वनस्पतिशास्त्रास फुलाची रचना पाहावी लागते.

अडचण अशी की, आपण राहावयास येतो तेव्हा झाड फुललेले असतेच असे नाही. अशा वेळी फांदीकडे वळावे. सोनचाफ्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी एक वलय दिसते. कळीस झाकणारे उपपर्ण गळून पडल्याचा तो वण होय. हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातील. त्याच्या फुलांचे देठ आकड्यासारखे वाकलेले असून त्यांच्या आधारे तो वर चढतो, आणि फुले गळाली तरी आकडे राहतात. पांढरा चाफा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. त्याच्या जाड, मांसल फांद्यांवर गळलेल्या पानांचे वण असतात व खरवडताच पांढरा चीक येतो. कोरड्या ऋतूत तो निष्पर्ण होतो, आणि वठला असे समजून कित्येकदा तोडला जातो. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवेपणा आहे का, एवढे पाहिले तरी हा अनर्थ टळेल.

चिकाचे झाड हाताळताना मात्र सावध असावे. पांढऱ्या चाफ्याच्याच कुलात कण्हेर मोडते, आणि तेथेही एका नावाखाली दोन वनस्पती आहेत. तांबड्या किंवा पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलांत असतात व फळे लांब शेंगांसारखी. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, पाने एकाआड एक येतात व फळ हिरवे, काहीसे तिकोनी असते. दोन्ही विषारी आहेत. बिट्टीच्या बियांचे विष हृदयावर परिणाम करते, आणि त्याच बिया मुले खेळावयास घेतात! लहान मुले असलेल्या घरात बागेतील पहिली ओळख हिचीच करून घ्यावी.

हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्रावरून नाव सांगणारी साधने आहेत. प्रारंभास ती उपयुक्त होत. परंतु नुसत्या पानाच्या चित्रात ना चीक दिसतो, ना उपपर्णाचा वण.

भुईचाफ्याची गोष्ट याहून निराळी. हळदीच्या कुलातील ही वनस्पती हिवाळ्यात पूर्णतः जमिनीखाली असते. उन्हाळ्यात उघड्या मातीतून फुले वर येतात आणि पाने पावसाळ्यात. रिकामा दिसणारा वाफा पहिल्याच महिन्यात खणून काढला, तर काय गमावले हेही कळत नाही. म्हणून एक वर्षपर्यंत खणणे शक्यतो टाळावे.

तरीही ओळख न पटल्यास फूल किंवा फळ असलेली हातभर फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. कागद रोज बदलावेत. सोबत तारीख, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग व गंध, चिकाचा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर यांतील बहुतेक नाहीसे होते. असा नमुना कुकच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाशी ताडून पाहता येतो, अथवा नजीकच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागास दाखविता येतो. नुसते पान घेऊन गेल्यास तेथेही फुलाचीच विचारणा होईल.