विमानाचे बेगड

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, मंगरूळपीरच्या बाजारात घुंगरमाळा, गोंडे आणि वार्निसाच्या डब्या यांच्या शेजारी चकचकीत बेगडाच्या पुड्या मांडलेल्या असत. आणि शिंगे साळून झाल्यावर, त्यांवर हिंगूळ चढवून तो पुरता वाळण्याच्या आत बेगडाची पट्टी कोठून धरावी आणि कशी वळवीत न्यावी म्हणजे तिला सुरकुती पडणार नाही, हे कसब ज्या वृद्ध सालगड्याच्या बोटांत होते त्याच्याभोवती आम्ही मुले तासन्‌तास उभी राहत असू. शिंग हा आच्छादनास मोठा अवघड जिन्नस आहे. बुडाशी जाड, शेंड्याशी निमुळते आणि त्यातून वळलेले. सपाट पट्टी त्यावर सुखासुखी बसत नाही, ती एका अंगाने ताणावी तर दुसऱ्या अंगाने फुगते. पुढे वीस वर्षांनी, बाल्साच्या लाकडाच्या एका लहानशा विमानाच्या पंखाग्रावर रंगीत फिल्म चढवू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी त्याच शिंगासमोर पुन्हा येऊन उभा राहिलो आहे.

ज्या गावाच्या नावाचा उत्तरार्ध हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ‘पीर’ झाला, आणि जेथे बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेच्या पताका व मोहरमातील ताबुतांची रंगीत पन्नी ही दोन्ही बालपणीच डोळ्यांत भरतात, तेथील माणसाला कामट्यांच्या सांगाड्यावर कागद ताणून बसविण्याची विद्या नवखी वाटण्याचे कारण नाही. तरीही आपल्या भाषेने बेगडावर एक अन्याय करून ठेवला आहे. जे वरवरचे, आत काही नसलेले, त्याला आपण ‘बेगडी’ म्हणतो. विमानाच्या प्रतिकृतीवर चढणारे आवरण आणि त्यावरील पट्टे, चांदण्या, अंक यांची जी नक्षी असते तिला हे विशेषण लावता येत नाही, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. आणि या कलेचा परिचय करून देताना तेच मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

विमानाला कातडे हवे असते, ही गोष्ट विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र बारा सेकंद हवेत राहिले, तेव्हा त्याच्या पंखांवर होते ते साधे, न धुतलेले सुती कापड, मलमलीच्या जातीचे, आणि तेही त्यांनी तिरपे कापून बसविले होते, जेणेकरून कापडाच्या धाग्यांनी पंखाच्या सांगाड्याला कर्णाकृती आधार द्यावा. ज्याचे बालपण वऱ्हाडातल्या कापसाच्या गंज्यांवर उड्या मारण्यात गेले, त्याला ही हकीकत वाचताना विशेष आपुलकी वाटली तर नवल नव्हे. कापूस हा अंगावर घालण्याचा आणि जिनात नेऊन घालण्याचा पदार्थ एवढेच आम्हांस ठाऊक होते. तो माणसाला आकाशात धरून ठेवतो, हे ठाऊक नव्हते. पुढे जवसाच्या धाग्याचे लिनन कापड आले, त्यावर ‘डोप’ नावाचे द्रावण फासून ते नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताणण्याची रीत आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर ज्या पुस मॉथ विमानातून उतरले, तेही कापडाच्याच अंगरख्याचे होते.

मोठ्या विमानाचा जो दस्तूर, तोच धाकट्याचा. प्रतिकृती करणारे लोक कित्येक दशके पातळ जपानी टिश्यू कागद किंवा रेशीम वापरीत; ते पाण्याने भिजवून ताणावे, वाळू द्यावे, मग डोपचे हात एकामागून एक द्यावेत. या डोपला पिकल्या केळ्यासारखा उग्र वास येतो, तो डोक्यात चढतो, आणि ते द्रावण ठिणगीनेही पेट घेणारे. नागपूरला महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मी दाखल झालो, तेथे या वासाशी माझा पहिला परिचय झाला. छात्रसेनेची स्थापना १९४८ मधली. तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे एकेक पथक उभारून सुरू झाली. आणि विमानाची प्रतिकृती करणे व उडविणे हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे, इतका की अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात निरनिराळ्या राज्यांची पथके त्याच विद्येत एकमेकांशी झुंजतात. परगण्यातल्या एखाद्या मुलाच्या हाती बाल्साची पहिली फळी पडते ती बहुधा याच मार्गाने. ती फळी हातात घेतल्याचा क्षण मी विसरलो नाही. मूळची इक्वेडोरकडची, घनमीटरला सुमारे दीडशे किलो भरणारी, म्हणजे पाण्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी हलकी. हातात लाकूड आहे की लाकडाची आठवण, असा प्रश्न पडावा.

डोपचे राज्य संपविले ते पॉलिएस्टरने. या जातीची फिल्म कारखान्यात गरम असताना लांबीने आणि रुंदीने अशी दोन्ही दिशांनी ताणून तशीच थंड करतात. त्यामुळे तिच्या अंगात परत आकसण्याची एक ओढ कोंडलेली राहते आणि पुन्हा उष्णता मिळताच ती जागी होते. तिच्या एका अंगाला उष्णतेने चिकटणारा सरस लावला, आणि रंग या पारदर्शक थराच्या पोटाशी ठेवला, की एकाच जिनसात कापड, डोप आणि रंग या तिन्हींची सोय झाली. अमेरिकेतील मोनोकोट १९६० च्या दशकात या रूपाने बाजारात आली, आणि जर्मनीत लायप्झिगला होणारी ओराकव्हर आज जगभर चालते. दोन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद अशी तिची गुंडाळी पुठ्ठ्याच्या नळीतून कुरिअरने मंगरूळपीरला येते, तेव्हा नळी उघडण्यापूर्वी मी हात साबणाने धुतो. लग्नाचा शालू आणावा तसेच ते आहे.

आता कृती. सांगाडा तयार झाला की पहिले काम घासण्याचे. कारण फिल्म काहीच झाकत नाही, उलट सर्व चव्हाट्यावर आणते. नखाचा ओरखडा, सरसाचा सुकलेला थेंब, लाकडावर राहिलेला भुसा, हे सारे तिच्या चकाकीखालून टपोरे दिसते. म्हणून बारीक, मग त्याहून बारीक पॉलिश पेपर, आणि शेवटी किंचित ओलसर फडक्याने पुसणे. मग फिल्म चोहोबाजूंनी दोन बोटे जास्त ठेवून कापावयाची. तिच्या पाठीला एक झिरझिरीत संरक्षक पापुद्रा असतो, तो नखाने सुटत नाही. कोपऱ्यावर दोन्ही अंगांनी चिकटपट्टीचे तुकडे लावून ते विरुद्ध दिशांना ओढले की पापुद्रा चर्र आवाज करीत निघून येतो. खास इस्त्री मिळते, ती बदामाच्या आकाराची असते; माझ्याकडे प्रारंभी घरातलीच होती आणि तिच्या तळाला जुन्या सुती बनियनचे कापड गुंडाळलेले असे, म्हणजे चकाकीवर ओरखडा उठू नये. सरस धरतो शंभर अंशांच्या आसपास, आणि फिल्म जोमाने आकसते ती दीडशेच्या सुमारास. या दोन आकड्यांमधले अंतर हीच या कलेची सारी मोकळीक. खालच्या आकड्याला चिकटवून घ्यावे, चूक झाली तर सोडवावे, आणि मनाची खातरजमा झाल्यावरच वरच्या आकड्याकडे जावे.

पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर; म्हणजे वरचा काठ खालच्यावर येतो, सांधा पुढून दिसत नाही आणि वाऱ्यालाही त्यात नख घालता येत नाही. चिकटविताना मध्यापासून सुरुवात: मधल्या फासळीशी एक टाका, समोरच्या कडेला दुसरा, मग टोकाकडे ओढून तिसरा. शिवणकाम करणाऱ्या बायका कच्चा धावदोरा घालतात त्याच हिशेबाने. कडा पक्क्या झाल्या की हीट गन हाती घ्यावी आणि ती पळभरही एका जागी न थांबविता, हात फिरवीत राहावे. एवढ्यात त्या ढिल्या, मरगळलेल्या, सुरकुत्यांनी भरलेल्या पृष्ठभागातून एकेक सुरकुती विरघळत जाते आणि फासळ्यांच्या मधला प्रत्येक चौकोन काचेसारखा ताठ होतो. बोटाने टिचकी मारली तर डफाचा बारीक नाद येतो. कितीदा केले तरी हा क्षण मला शिळा झालेला नाही.

पंखाग्र मात्र शिंगाच्या जातीचे. तेथे फिल्म एका हाताने दूर ओढून धरावी, दुसऱ्याने तिला ऊब द्यावी, आणि ती नरम होऊन लांबू लागताच वळणावर बसवून घ्यावी. थोडीशी घाई केली की चुणी पडते, थोडी जास्त आच दिली की भोक.

हे कातडे सांगाड्याला नुसते झाकत नाही, त्याला बळ देते. उघडा पंख दोन हातांनी पिळला तर पिळला जातो. आच्छादलेला पिळला जात नाही. पण हेच बळ उलटूही शकते. वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त ताणली गेली तर पंखाला पीळ बसतो, आणि पिळलेल्या पंखाचे विमान सरळ उडत नाही. यास्तव प्रत्येक पंख सपाट मेजावर ठेवून, मागून एक डोळा मिटून पाहावा, आणि पीळ आढळल्यास त्याला उलट बाजूला वळवून धरून पुन्हा ऊब द्यावी. वजनाचाही हिशेब चोख ठेवावा लागतो. चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटते, आणि दीड मीटर पल्ल्याच्या साऱ्या विमानाला मिळून ऐंशी-एक ग्रॅमच लागतात. परंतु शेपटी तोलबिंदूपासून लांब असल्याने तेथे हौसेने लावलेल्या एका ग्रॅमच्या चांदणीसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे भरावे लागते. शेपटीवरची नक्षी मी म्हणूनच कंजूषपणे करतो.

आता नक्षीकडे. तिच्यापायी मी एक विमान गमावले आहे, ते सांगतो. पंखावर पिवळ्यावर काळे तिरपे पट्टे घ्यावयाचे होते. पट्टी आधी चिकटवून मग तेथल्या तेथे, फूटपट्टी धरून धारदार पात्याने मी ती सरळ कापली. रेघ सुंदर आली. चौथ्या उड्डाणाला, सूर मारून विमान वर उचलताना, पंख नेमका त्या सुंदर रेघेवर कागदाच्या घडीसारखा मिटला. पात्याने फिल्मबरोबर तिच्याखालचे दीड मिलिमीटरचे बाल्साही कापले होते, आणि वर्षभर मी ती जखम चकचकीत आवरणाखाली मिरवीत होतो. त्या दिवसापासून नक्षी कापली जाते ती काचेवर, नव्या पात्याने, विमानापासून दूर. मग पृष्ठभागावर साबणाचे पाणी फवारून त्यावर ती तरंगत ठेवायची, हवी तेथे सरकवायची, आणि फडक्यात गुंडाळलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने मध्यापासून बाहेर पाणी निपटून काढायचे. रात्रभर वाळू द्यावी, मग कडांना मंद इस्त्री. फिल्मवर फिल्म कोरडीच दाबली तर मध्ये हवा कोंडते, आणि ऊब लागताच तिचे फोड उठतात. फिकट रंगावर गडद लावावा; उलट केले तर खालचा रंग वर झिरपल्यासारखा दिसतो.

हे सारे कशासाठी? वैमानिक विमानात बसलेला नाही, तो धावपट्टीच्या काठाला, चपलांत, जमिनीवर उभा आहे. त्याला वाऱ्याचा झोत अंगावर कळत नाही, पंख कलला हे पोटात कळत नाही. त्याच्यापाशी फक्त डोळे आहेत. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनीही प्रतिकृती-विमानाची व्याख्या करताना ते पंचवीस किलोच्या आतले असावे आणि नजरेच्या टप्प्यात उडवावे, असे मुक्रर केले आहे. पण नजरेचा टप्पा म्हणजे काय? दोनशे मीटरांवर गेल्यावर रंग नाहीसे होतात आणि उजळ आकाशापुढे लाल, हिरवा, जांभळा सारे एकच काळपट होतात. निळे तर आकाशातच विरघळते. उरते ती आकृती आणि गडद-फिकटातला भेद. विमान जाते आहे की येते आहे, पोट दाखविते आहे की पाठ, हे निमिषभर कळले नाही तर डावीकडचा हात उजवीकडे जातो आणि महिन्याचे काम शेतात तुकड्यांनी वेचावे लागते. म्हणून पाठ एका फिकट रंगाची, आणि पोटाला रुंद काळे-पांढरे आडवे पट्टे, ही जी रचना पाहणाऱ्याला भडक वाटते, ती उडविणाऱ्याची वाचण्याची लिपी असते. बारीक वेलबुट्टी तेथे कामाची नाही. ती मेजावर शोभते, वर पुसून जाते.

आमच्या प्रांतात एक जादा परीक्षा आहे, ती उन्हाची. जानेवारीत गारठ्याच्या रात्री ताणून बसविलेली फिल्म मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर गेला आणि विमान उन्हात तासभर राहिले की, ढिली पडून सुरकुतते. लाकूड वाळून आकसते आणि कातडे त्याला मोठे होते. गडद रंग आधी हार खातात. मोटारीच्या बंद काचांआड ठेवलेल्या एका पंखाचे सांधे उकलल्याचे मी पाहिले आहे. यावर उपाय म्हणजे चादरीची सावली, आणि रोहिणीच्या सुमारास एकदा पुन्हा इस्त्री फिरविणे. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा प्रकरण उलट होते.

सध्या माझ्या मेजावर एक जुने विमान सोलून ठेवलेले आहे. फिल्म निघाली, आतल्या फासळीवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि ‘२१२ ग्रॅम’ हे वजन जसेच्या तसे निघाले. पुतण्याला ते निळे हवे आहे. निळा हरवतो, असे मी त्याला सांगितले, गच्चीवर नेऊन निळा तुकडा आकाशासमोर धरूनही दाखविला, तो पुष्कळ वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, वरून निळं आणि खालून पिवळं केलं तर? आपल्याला तर खालचंच दिसते न.” त्यात तथ्य आहे. पिवळ्यावर काळे पट्टे किती रुंद घ्यावेत, याचा त्याने कागदावर आराखडाही काढला आहे, पट्टे चार आहेत आणि ते त्याने काचेवरच कापावयाचे आहेत. उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पंखाची खालची बाजू घेऊ.