आकाशातला वाटाड्या

एकदा भर आषाढात चिरंजीवांच्या मोटारसायकलीवर मागे बसून मी भोरहून महाडला निघालो. हँडलवरचे जीपीएस यंत्र वरंधा घाटाची वाट दाखवीत होते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांच्या संदेशांवरून ते आपले ठिकाण काढते. त्याला मोबाइलचा मनोराही लागत नाही.

घाटाआधीच्या टपरीवर आजोबा म्हणाले, "पाव्हणं, म्होरं दरड आलीया. मागं फिरा."

यंत्राचा बाण मात्र सरळच! चिरंजीव क्षणभर घुटमळले, मग मुकाट्याने गाडी वळवली.

वाचकहो, आपण कोठे आहो हे उपग्रहांवरून कळते. पुढे रस्ता उरला आहे काय, हे नव्हे. तेव्हा निघण्यापूर्वी नकाशा यंत्रात उतरवून घ्या, आणि घाटाच्या तोंडाशी कपभर चहाही अवश्य घ्या.