नैचा श्वास, यंत्राचा ठेका

मौलाना जलालुद्दीन रुमी यांची 'मसनवी' सुरू होते तीच नैच्या तक्रारीने. बोरूच्या बेटातून तोडलेली ही पोकळ नळी आपल्या मुळाच्या विरहाची कहाणी सांगते. रुमींच्या मेवलेवी सिलसिल्यात म्हणूनच नै केवळ वाद्य नाही, माणसाच्या रुहची खूण आहे.

१९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने सूफींच्या सगळ्या खानकाहांना टाळे लावले. नै मात्र गप्प झाली नाही. उस्तादाकडून शागिर्दाकडे तिचा श्वास जात राहिला. एर्गुनेर घराण्यात आजोबा सुलेमान, वडील उल्वी आणि मुलगा कुद्सी अशा तीन पिढ्यांनी ती जपली. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या कुद्सींनी जॅझ वादकांना सोबत घेऊन १९९९ मध्ये 'ऑटोमेनिया' हा अल्बम केला.

बुर्सात १९६६ मध्ये जन्मलेल्या मेरजान देदे यांची वाट वेगळी. नै घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी पाण्याच्या प्लास्टिक नळीचीच नै केली. पुढे कॅनडात ते डीजे झाले आणि त्यांनी नैला इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड दिली. 'नार', 'सु' आणि 'नेफेस' हे त्यांचे अल्बम म्हणजे आग, पाणी आणि श्वास. उर्दूतला 'नफस' तो हाच. रुमींच्या आठशेव्या जन्मवर्षी, २००७ मध्ये, '८००' आला.

जिच्यापुढे दरवेश अदबीने बसत, ती नै नाचगाण्याच्या क्लबात न्यावी का? हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याहून अवघड पेच सुरांचा आहे. तुर्की मकाम पद्धतीत एका पूर्ण स्वराचे नऊ 'कोमा' मानतात. कीबोर्डवर त्याचे दोनच अर्धस्वर. मधल्या जागा नेमक्या तिथेच हरवतात. श्रुती आणि हार्मोनियमचा वाद ऐकलेल्या मराठी रसिकाला हे दुखणे नवे नाही.

यंत्राला दम लागत नाही, नै वाजवणाऱ्याला लागतो. म्हणून जिथे ठेका मागे सरतो आणि आलापासारखी मोकळी 'तकसीम' पुरी होऊ देतो, तिथे हा मेळ खरा वाटतो. जिथे ठेकाच सगळी जागा व्यापतो, तिथे नै नुसती शोभेला उरते.

इफ्तारनंतरच्या निवांत वेळी 'नेफेस' जरूर ऐकावा. ठेक्याच्या तळाशी तो श्वास ऐकू येतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे.