प्लगला करंट येतोय का?

पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली जुनी पेट्रोल गाडी सकाळी हमखास रुसते. पनवेलजवळच्या विचुंब्यात काय किंवा आणखी कुठे काय. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. मग कोणी जाणकार बॉनेट उघडून प्लगची वायर उपसतो, टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरतो आणि ओरडतो, ‘मार सेल्फ!’ कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी तयार होत होती तेव्हापासूनची ही रीत. हाताला झटका बसला तर सगळे हसतात.

बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इग्निशन कॉइल त्याचे १५ ते २५ हजार व्होल्ट करते. ठिणगी मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकते आणि तिच्यात ऊर्जा थोडी असते. म्हणून धडधाकट माणूस या झटक्याने सहसा दगावत नाही. खरी इजा होते ती दचकून हात मागे घेताना. तो हात फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात जातो. पेसमेकर बसवलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी चालू इंजिनच्या इग्निशनपासून निदान फूटभर लांब राहावे. ही तपासणी त्यांनी करूच नये.

झटक्याहून मोठे भय पेट्रोलचे. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते आणि प्लगची ठिणगी त्याच्या कित्येक पट असते. वारंवार सेल्फ मारून कार्बोरेटर ओला झालेला, प्लग काढलेल्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतोय आणि शेजारीच ठिणगी! चेहरा आणि हात भाजायला एवढे पुरते.

त्यापेक्षा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा स्पार्क टेस्टर वापरावा. किल्ली बंद असताना त्याचे एक टोक प्लगच्या वायरीत बसवावे, चिमटा इंजिनच्या धातूला लावावा आणि हात काढून घ्यावेत. प्लग जागेवरच राहू द्यावेत, बॅटरीजवळ ठिणगी पाडू नये. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला हवा, कारण उरलेल्या सिलिंडरवर इंजिन अचानक सुरू होऊ शकते. बंद गॅरेज नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. अंगठी, घड्याळ काढावे, ओढणी खोचावी. पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी गळती शोधावी. निळसर, कडक ठिणगी दिसली तर दोष बहुधा इंधनात. पिवळट, मरतुकडी दिसली तर कॉइल, वायर किंवा सीबी पॉइंटकडे वळावे.

झटक्यानंतर छातीत धडधड, दुखणे किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करावा. भाजले असल्यास २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. ते रुग्णालयात खरवडून काढताना रुग्ण कळवळतो.