वसंतातील फुले घरात आणताना

ग्लॅडिओलस, अ‍ॅस्टर, निशिगंध, झेंडू अशी फुले पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी गेले, तर ओटीवरच्या फुलदाणीत पुष्कळदा प्लॅस्टिकची फुले दिसतात. त्याच वेळी जुडी बांधताना दांडा आखूड किंवा वाकडा म्हणून बाजूला काढलेली खरी फुले बांधावर सुकत पडलेली असतात. प्लॅस्टिकच्या फुलांनी आपल्या मालाचे भाव पाडले, ही फूल उत्पादकांची तक्रार रास्तच आहे. २०२५ साली ती विधानसभेतही मांडली गेली. पण मग आपल्याच घरात ती फुले का असावीत?

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. बाजारात अडत्या दांड्याची लांबी आणि वरवरचा ताजेपणा पाहून भाव करतो. ते फूल ग्राहकाच्या घरी दोन दिवस टिकले की आठ दिवस, हे उत्पादकाला कळत नाही. ज्याचे फूल दुसऱ्या दिवशी मान टाकते तो ग्राहक तक्रार करायला शेतावर येत नाही. तो पुढच्या वेळी फूल घेत नाही, एवढेच. म्हणून फाल्गुन-चैत्रात आपल्या घरी फुले ठेवणे म्हणजे घर सजविणे तर आहेच, शिवाय आपल्या मालाची बिनखर्चाची परीक्षाही आहे.

पाडव्याचा हिशेब

वसंतातील फुलांची मागणी होळीपासून सुरू होते. गुढीपाडव्याला हार व तोरणे लागतात आणि पुढे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी घरोघरी आरास मांडली जाते. मात्र तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे हलते. पाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ साठी तो १९ मार्च आणि २०२७ साठी ७ एप्रिल असा येतो. मार्चच्या मध्यातला पाडवा आणि एप्रिलमधला पाडवा यांत उन्हाचा मोठा फरक असतो. तेव्हा मागील वर्षीच्या तारखेवर पेरणी न करता पंचांग पाहून मागे मोजावे.

पाडवा मार्चमध्ये लवकर असेल तर ग्लॅडिओलस व अ‍ॅस्टर साधतात. ग्लॅडिओलसच्या मध्यम कालावधीच्या जातींना कंद लावल्यापासून थंडीत साधारण ८० ते १०० दिवस लागतात. सर्व कंद एकाच वेळी न लावता १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत लावावेत, म्हणजे घराला व बाजाराला सलग फुले मिळतात. नुकतेच काढलेले कंद सुप्तावस्थेत असतात, त्यामुळे ते लगेच उगवत नाहीत; सुमारे तीन महिने विश्रांती मिळालेलेच कंद घ्यावेत. अ‍ॅस्टरची रोपे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर टाकावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने गणेशखिंड येथून दिलेल्या ‘फुले गणेश व्हाईट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश पर्पल’ आणि ‘फुले गणेश व्हायोलेट’ या जातींमुळे एकाच वाफ्यातून चार रंग घरात येऊ शकतात. अ‍ॅस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते, म्हणून जुने बी वापरू नये.

पाडवा एप्रिलमध्ये असेल तर ग्लॅडिओलसच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तापत्या उन्हात दांडे आखूड राहतात व पाकळ्यांच्या कडा करपतात. अशा वर्षी झेंडू, झिनिया आणि गलांडा यांवर भिस्त ठेवावी. आफ्रिकन झेंडूचे बी सणाच्या ९० ते १०० दिवस आधी पेरावे. गलांड्यालाही पेरणीपासून सुमारे तीन महिने लागतात. याला कोणी मान देत नाही; पण कमी पाण्यात व हलक्या जमिनीत तांबडा-पिवळा रंग देणारे याच्याइतके सोशिक फूल उन्हाळ्यात दुसरे नाही. मोगऱ्याचे पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडून नोव्हेंबरअखेर छाटणी केली व नंतर खत-पाणी सुरू केले, की फेब्रुवारीअखेर ते मार्चपासून कळी मिळू लागते. परसात दोन झाडे असली तरी चैत्रगौरीपुरती कळी घरची होते.

कोणते फूल केव्हा तोडावे

फुलदाणीतले आयुष्य निम्मे शेतातच ठरते. ग्लॅडिओलसच्या दांड्यावरील खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविताच दांडा काढावा. वरच्या कळ्या घरात उमलतात. काढताना झाडावर चार पाने राखावीत, नाही तर पुढच्या हंगामाचा कंद पोसत नाही. दांडे उभेच ठेवावेत, कारण आडवे ठेवल्यास शेंडे वर वळतात आणि वाकडेच राहतात. निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की दांडा काढावा. गुलाबाच्या कळीचे हिरवे निदल मागे वळलेले आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल झालेल्या असाव्यात. घट्ट कळी तोडली तर ती न उमलताच मान टाकते. याउलट अ‍ॅस्टर, झेंडू, गलांडा व झिनिया पूर्ण उमलल्यावरच तोडावेत. त्यांच्या कळ्या पाण्यात नीट उमलत नाहीत.

तोडणी सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी करावी. त्या वेळी दांड्यात पाणी भरपूर असते. सायंकाळी ऊन उतरल्यावर तोडले तरी चालते. दुपारी मात्र मुळीच तोडू नये. फुले तोडून बांधावर रचायची आणि शेवटी गोळा करायची, ही सवय सोडावी. पाण्याची बादली वाफ्यातच न्यावी.

पाणी

दांडा कापला की त्यातील बारीक नळ्यांत हवा शिरते. पुढे पाण्यात जंतू वाढून त्याच नळ्यांची तोंडे बंद होतात. भरल्या फुलदाणीत फूल सुकते ते बहुधा या दोन कारणांनी. म्हणून घरी आणल्यावर दांड्याचे टोक पाण्याखाली धरून सुमारे २ सें.मी. तिरके कापावे. त्यासाठी धारदार चाकू वापरावा. बोथट कात्रीने दांडा चेचला जातो. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढावीत. फुलदाणी साबणाने घासून घ्यावी. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे व दांडा पुन्हा थोडा कापावा.

पाण्यात नुसती साखर टाकण्याची पद्धत काही घरांत आहे. साखरेने वरच्या कळ्या उमलायला मदत होते हे खरे, पण तीच साखर जंतूंनाही पोसते. तेव्हा १ लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम साखर टाकायची असेल तर सोबत चिमूटभर तुरटीची पूड आणि अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी बहुधा विम्लधर्मी असते. ते किंचित आंबट झाले की दांड्यात सहज चढते. हा उपाय ग्लॅडिओलस व निशिगंधाला विशेष लागू पडतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे. ग्लॅडिओलसला ते सोसत नाही, कडा जळतात. तेथे साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

घरात जागा कोणती द्यावी

पंख्याखाली, उन्हाच्या खिडकीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर फुलदाणी ठेवू नये. आंब्याच्या अढीजवळ आणि पिकत्या केळीच्या घडाजवळ तर नकोच. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्याने फुले लवकर म्हातारी होतात. कार्नेशनला तर तो फारच बाधतो. चुलीच्या धुरातही हा वायू असतो. रात्री फुलदाणी माठाजवळ, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवली तर चांगला फरक पडतो.

ज्यांच्याकडे माल थोडा अधिक आहे त्यांनी सावलीत शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तो विकसित झाला. विटांच्या दोन भिंती, मध्ये सुमारे ७.५ सें.मी. पोकळीत वाळू, वर झाकण आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी, इतकीच त्याची रचना. कोरड्या हवेच्या देशावर, मराठवाड्यात व विदर्भात तो उत्तम काम करतो. कोकणच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आपली नोंद आपण ठेवावी

प्रत्येक तोड्यातील एक जुडी घरी ठेवावी. त्यासाठी नाकारलेले आखूड दांडे चालतील. निम्मी फुले कोमेजली तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. शक्य असेल तर दोन फुलदाण्या ठेवाव्यात: एकीत सकाळची तोड, दुसरीत दुपारची, किंवा एकीत साधे पाणी, दुसरीत साखर-तुरटी-लिंबाचे. एका हंगामात आपली कोणती जात, कोणत्या वाफ्याची, किती दिवस टिकते हे समजेल. घरातील महिला व मुले ही नोंद पुरुषांपेक्षा अधिक नेमाने ठेवतात, म्हणून ती त्यांच्याकडेच द्यावी. थेट ग्राहकाला किंवा सजावटकाराला माल देणाऱ्याने ‘आमचे फूल इतके दिवस टिकते’ असे सांगितले, तर त्यामागे हा आधार असेल.

रानातला रंग

ज्यांच्याकडे फुलांचा वाफा नाही, त्यांनाही वसंत पारखा नाही. काटेसावर, पळस आणि पांगारा या दिवसांत निष्पर्ण होऊन फुलतात. बांधावरच्या गिरिपुष्पाला गुलाबी तुरे येतात. आपल्या मालकीच्या झाडाची कळ्यांनी भरलेली लहान फांदी काढून तिचे बूड ३-४ सें.मी. उभे चिरावे व खोल पाण्यात ठेवावी. पळसाची फुले फांदीवर टिकत नाहीत; ती घंगाळात पाण्यावर तरंगत ठेवलेली शोभतात. गळालेली फुले सावलीत वाळवून रात्रभर गरम पाण्यात भिजविली की रंगपंचमीला केशरी रंग मिळतो. आंब्याचा मोहोर मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी कलमावरून तोडू नये.

कण्हेर आणि बिट्टी घरात आणताना जपावे. दोन्हींचे सर्व भाग विषारी आहेत आणि वाळलेली पानेही तितकीच घातक असतात. फुलदाणी लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, तिचे पाणी मोरीत ओतावे. बाकीची सुकलेली फुले खताच्या खड्ड्यात खुशाल टाकावीत; कण्हेर-बिट्टीच्या फांद्या मात्र गोठ्याजवळ किंवा जनावरे चरतात तेथे न टाकता वेगळा खड्डा खणून पुरून टाकाव्यात.